दर्शनी भागात

परिपत्रक आलं :
शासनाचं अनुदान, लोकवर्गणी, आणि दोन्हींचा विनियोग
दर्शनी भागात लावण्यात यावा.

आमच्या वाचनालयाला दर्शनी भाग असा नाहीच.
खारीगावातल्या त्या गल्लीत
खाली इलियासचं अंडी-पावाचं दुकान, वर आम्ही,
मधे जिना, जिन्यात मीटरची पेटी.
खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो,
पण डोंगराला काय लावणार?

म्हणून पेटीशेजारी लावलं.
चार पानं, ठळक अक्षर, कोपऱ्यांना पिना.
अध्यक्ष म्हणाले, कोण वाचणार आहे, हेमलताबाई?
आणि तरीही म्हणाले,
जरा उंचावर लावा.

आठ दिवस खरंच कुणी वाचलं नाही.
दुसऱ्या पानावर कुणीतरी इलेक्ट्रिशियनचा नंबर लिहून ठेवला,
क्लासच्या पोरांनी लाखाच्या शून्यांना डोळे काढले.
एकट्या इलियासने माझा पगार शोधून काढला
आणि मागची उधारी मागायचं सोडून दिलं.

नवव्या दिवशी काथोड भोईर आले.
बेलापूर रोडच्या कंपनीतून फिटर म्हणून सुटलेले,
बोटांत अजून माप घेण्याची सवय.
ते शेवटच्या पानापासून वाचायला लागले,
वर्गणीदारांच्या यादीवरून वर वर.
मग दारात येऊन म्हणाले,
"बाय, माजं एकावन रुपयं कया गेलं?"

पावतीपुस्तक काढलं.
पावती होती. क्रमांक सतरा.
यादीत सोळानंतर थेट अठरा.
टाइप करताना राहिलं, काका,
आत्ता हाताने लिहून देते.
"लिव.
पन आता आलोच हाव, तर सगलं वाचतंव."

मान दुखायला लागली तेव्हा त्यांना स्टूल दिलं,
वरच्या फळीवरची, कुणी न मागितलेली पुस्तकं
काढायला ठेवलेलं.
ते चढले.
एका हाताने मीटरची पेटी धरली,
दुसऱ्या हाताचं बोट कागदावर.
ग्रंथखरेदी... नियतकालिकं... वीजबिल...
बोट थांबलं.
लोखंडी कपाटं, नग तीन.

त्यांनी तिथूनच मान वळवून आत पाहिलं.
काही विचारलं नाही.
मी रोज संध्याकाळी कपाटं बंद करते.
दोन.
त्यातल्या एकाचं दार सुतळीने बांधते.

हे सगळं मीच टाइप केलेलं,
अध्यक्षांच्या घरून आलेल्या चिठ्ठीवरून.
चूक झाली ती एकावन्नपाशी.
तीनपाशी बोट अडखळलंसुद्धा नाही.

भोईर उतरले, खांद्यावरच्या टॉवेलने स्टूल पुसलं,
आणि गेले.
संध्याकाळी परत आले, सोबत चार जण :
एकवीस रुपये, एकशे एक, पुन्हा एकवीस,
आणि दर महिन्याला अकरा देणारी मथुरा केणी,
जिला वाचता येत नाही.
प्रत्येकाने आधी आपलं नाव शोधलं.
मथुराबाईंनी आपल्या नावावर बोट ठेववून घेतलं,
ठेवलं तसंच थोडा वेळ राहू दिलं,
मग विचारलं, "वर काय लिवलंय?"

एकेक जण स्टुलावर चढला.
एकेक जण आत येऊन कपाटं मोजून गेला,
मुकाट्याने, जसं मयताच्या घरी
पाणी पिऊन निघतात.
इलियासही दुकान सोडून वर आला.
त्याने दोनदा मोजली.

रात्री फोन आला :
कागद काढून ठेवा, दुरुस्त करून लावू.
म्हटलं, साहेब, परिपत्रकात लावण्याचं आहे,
काढण्याचं काही नाही.
एवढंच बोलले. फार शूर वाटून घ्यावं असं
त्यात काही नव्हतं, हात थरथरत होता.

सकाळी निळ्या पेनने सोळा आणि अठराच्या मधे,
चिंचोळ्या जागेत, लिहिलं :
१७. भोईर काथोड हिराजी. रु. ५१.
एकूण बेरीज एकावन्नने वाढली.
चारही पानांवर ती बदलत खाली आले
तर शेवटी ग्रंथपालाच्या सहीची जागा.

तिथे माझी सही
आधीपासूनच होती.